मार्था आली, विहीणबाई!

विहीणबाई, मार्था आली! खरंच आली, अमेरिकेहून. काल दुपारी वारंगा फाट्यावर गाडीतून उतरली, दोन्ही हात वर केले आणि रस्त्याच्या पलीकडून मला हाक मारली, "टीचर!" मी तशीच पळत सुटले. या वयात, या गुडघ्यांनी. एका ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि मला एक शिवी हासडली, तीही मी हसत हसत घेतली. तुम्ही जिंकलात, मी हरले. हे तुम्हाला आधी सांगायचं होतं, रडायचं ते मागून रडेन.

तुम्ही असतात तर कमरेवर हात ठेवून म्हणाला असतात, "म्या काय म्हनलं होतं? आवतण देल्लं की माणूस येतंय." आणि वर्षभर मला ते ऐकवत राहिला असतात. ऐकवा ना! कोण नाही म्हणतंय? तुमचं तेरावं होऊन आठवडासुद्धा झाला नाही आणि भांडायला माणूस नाही म्हणून माझं तोंड आंबून गेलंय.

लोकांना वाटायचं आपलं पटत नाही. पटत नव्हतंच. मी हिंगोलीची शाळामास्तरीण, तुम्ही जवळा बाजारच्या शेतकरीण. माझी मनीषा तुमच्या गजाननला दिली तेव्हा भर मांडवात तुम्ही आहेराची साडी उलगडून बघितलीत आणि म्हणालात, "पदर आरूंद हाय." तो शब्द मी कित्येक वर्षं जपून ठेवला होता. पुढे आपण दोघीही एकट्या झालो, नात झाली, तरी तुमच्या दारात आले की मला आधी ती साडी आठवायची. आणि गेल्या उन्हाळ्यात गजाननने आपल्या दोघींची तिकिटं एकत्रच काढली. मी मनीषाला फोनवर म्हणाले, "अगं, अठरा-वीस तास त्यांच्याशेजारी बसायचं?" ती म्हणाली, "आई, सासूबाईपण हेच विचारत होत्या."

त्या विमानात तुम्ही तुमच्या शेतातल्या हळदीची पुरचुंडी कमरेला बांधून बसला होतात, आठवतंय? मी म्हटलं, सामानात टाका. तर म्हणालात, "सामान हरपतंय, कंबर हरपत न्हाई." मी खिडकीकडे तोंड करून हसले. तुमच्यावर मी पहिल्यांदा हसले ते तिथे, ढगांच्या वर.

काय गाव होतं ते, विहीणबाई! अमेरिकेच्या मधोमध, मिडवेस्ट म्हणतात त्या भागात, मोठ्या शहराच्या कडेला, नदीला लागून. सगळं लेकुरवाळ्यांचं. दर चार घरांआड एक झोका, दर वळणावर पोरांच्या सायकली, फरशीवर पोरांनी रंगीत खडूंनी काढलेली फुलं नि घोडे, आणि संध्याकाळी आख्खं गाव नदीकाठच्या बागेत आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन गाणी ऐकायला हजर. तुम्ही पहिल्या दिवशी ओट्यावर उभं राहून डावीकडे बघितलंत, उजवीकडे बघितलंत आणि गजाननला विचारलंत,

"गजू, येवढी घरं हायत अन् एकाला बी कंपाउंड न्हाई. ढोरं शिरत न्हाईत व्हय?"

"इथं ढोरं नाहीत, आई."

"मग येवढं गवत कोणासाठी कापून राहिलेत?"

इंजिनिअर माणूस, पण बॅगा उचलून आत पळाला. आजही विचारलं तर पळेल.

नदीचं नाव तुमच्या जिभेवर बसेना म्हणून तुम्ही तिला सरळ पूर्णा म्हणायला लागलात. "चला, पूर्णेवर जाऊन येऊ." ओवीला वाटायला लागलं की नदीचं खरं नाव तेच आहे. शाळेत बाईंनी विचारलं तेव्हा आपल्या सहा वर्षांच्या नातीने सगळ्या वर्गासमोर छातीठोकपणे 'पूर्णा' सांगितलं. मनीषाला शाळेतून फोन आला आणि तुम्ही पदर तोंडाला लावून इतक्या हसलात की तुम्हाला ठसका लागला.

आणि तो भोंगा! वादळ आलं तर लोकांनी तळघरात जावं म्हणून तिथे भोंगा आहे, आणि तो चालतो का नाही हे बघायला महिन्यातून एकदा वाजवतात, हे आपल्याला कोणी सांगितलं होतं का? पोरं कामावर, घरात आपण दोघी आणि ओवी. भोंगा सुरू झाला तशी तुम्ही ओवीला काखेत मारलीत, दुसऱ्या हातात लोणच्याची बरणी घेतलीत आणि मला ओरडलात, "मास्तरीणबाई, पोथी वाचत बसू नका, खाली पळा!" आपण तळघरात बसलो. भोंगा कधीच थांबला होता, तरी बसलो. वर जायला आधी कोणी उठेना. शेवटी ओवी म्हणाली, "आज्जी, हे टेस्ट आहे." मी विचारलं, बरणी कशाला घेतलीत? म्हणालात, "किती दिस बसायचं काय ठाऊक. वरणभात भेटंल कुठं बी, आपलं लोणचं भेटणार न्हाई." मला ते इतकं पटलं की मी वाद घातला नाही. तशी वेळ फार कमी यायची.

गल्ली संपली की शेत सुरू होत होतं. तुम्ही ते तिसऱ्याच दिवशी शोधून काढलंत. माझा हात धरून ओढत नेलंत आणि बांधावर उभ्या राहून कपाळावर हात मारलात. "आगं माय! सोयाबीन! सोयाबीन बघायला इतक्या लांब आलो व्हय आपण?" पण डोळे चमकत होते तुमचे. नजर पुरेल तिथवर सोयाबीन आणि त्याच्या पलीकडे मका. तुम्ही वाकून पानं उलटी करून अळी बघितलीत, माती चिमटीत घेतलीत, चोळलीत, वास घेतलात. "काळीच हाय. आपलीच हाय." त्या दिवसापासून तुम्हाला करमायला लागलं. तोवर तुम्ही रोज सकाळी परतीची तारीख विचारत होतात.

मार्था शेजारच्या घरात राहायची. एकटीच. उन्हाळाभर ती आपल्याला फुलझाडांना पाणी घालणारी म्हातारी म्हणून माहीत होती. मग शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी ओवीला सोडायला आपण कोपऱ्यावर गेलो. ती पिवळी धमक बस आली, तिच्या अंगातून थांबायची पाटी हातासारखी बाहेर आली आणि दोन्ही बाजूंच्या मोटारी जागच्या जागी उभ्या राहिल्या. दार उघडलं, तर चाकावर आपली मार्था! तुम्ही माझा दंड इतका घट्ट धरलात की वळ उठला.

"बाई चालवून राहिली! अन् सगळ्यांनी गाड्या थांबवल्या!"

"कायदा आहे इथे तसा."

"कायदा बियदा असंल. पण बघा की, बाईनं हात केला अन् दुनिया उभी राहिली." दिवसभर तुम्ही ज्याला त्याला तेच सांगत होतात. मला, मनीषाला, आणि फोनवर थेट जवळ्याला.

संध्याकाळी मार्था तिच्या ओट्यावर उजव्या खांद्यावर बर्फाची पिशवी ठेवून बसलेली दिसायची. आयुष्यभर बस चालवून खांदा धरला होता तिचा. तुम्हाला ते बघवायचं नाही. "दुखऱ्या खांद्याला बर्फ लावती का कुणी? येडी का काय!" मी म्हटलं, तिकडची पद्धत आहे. तुम्ही नुसतं हुं केलंत. तुमच्या त्या हुंकाराला मी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

पोळा जवळ आला तसं तुमचं चित्त ठिकाणावर राहिना. गड्याला फोन करून हरण्या-पाखऱ्याची चौकशी, शिंगं साळली का, झूल काढली का. शेवटी म्हणालात, "चिखल आणू. लेकराला मातीचे बैल करून देऊ." आपण बादली घेऊन नदीवर निघालो. दोन लुगड्यातल्या म्हाताऱ्या, बागेतल्या नावा सोडायच्या उतारावर गुडघाभर चिखलात. आणि तुम्ही कोणती साडी नेसला होतात? माझ्या आहेराची! मी बघतच राहिले, तर म्हणालात, "बघता काय? आरूंद पदर चिखलाला बराबर असतोय." एक तरणा मुलगा होडी बाजूला लावून विचारायला आला, काही हरवलंय का. मी इंग्रजीत सांगितलं, आम्ही बैल करतोय. त्याने पॅन्ट वर दुमडली आणि आपली बादली वर नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी गल्लीतली सगळी पोरं आपल्या ओट्यावर. ओवीने बैल केला, एकीने घोडा केला, एका गोऱ्या पोराने डायनासोर केला. तुम्ही त्यालाही दोऱ्याची वेसण घातलीत आणि मला सांगितलंत, "त्याला म्हनावं, मारका दिसतोय, जपून धर." मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. पोरगं फार खूश झालं.

आणि मग ती संध्याकाळ. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदमळणी. व्याही गेल्यापासून जवळ्यात ती तुम्हीच करायचात. हे गडीमाणसाचं काम, असं भावकीत कुजबुजायचे, तुम्ही ढुंकून बघितलं नाही. वर्षभर जू वाहून दुखावलेला खांदा कोमट तुपाने आणि हळदीने चोळायचा आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." पण तिथे खांदा कुणाचा? मातीचे बैल अजून ओले, हात लावला तर मोडतील. तुम्ही वाटीत तूप गरम केलंत, पुरचुंडीतली हळद कालवलीत आणि मला काही कळायच्या आत अंगण ओलांडून मार्थाच्या ओट्यावर! बर्फाची पिशवी उचलून बाजूला ठेवलीत आणि तिच्या पांढऱ्या सदऱ्याची बाही सरकवून लागलात चोळायला. मी मागून धावतेय, "विहीणबाई, अहो, काय करताय!" मार्था आधी दचकली. मग तिने डोळे मिटले. मग तिच्या घशातून असा एक आवाज निघाला की माझेच पाय थबकले. आणि तुम्ही तिच्या कानाशी वाकून, अगदी हरण्याला म्हणता तसं म्हणालात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

घरी आल्यावर मी तुम्हाला धारेवर धरलं. "ते बैलाचं आवतण असतं! माणसाला देतात का? तुम्ही त्या बाईला बैल केलंत!"

"काहून? बैल का वंगाळ असतोय?"

"तसं नाही, पण मान असतो माणसाचा."

"राबलेल्या खांद्याचा मान हाय ह्यो. त्यात बैल काय अन् बाई काय." आणि मग तुम्ही, मोठ्या मनाच्या विहीणबाई, माझ्याकडे तिरकं बघून म्हणालात, "तुमाला देल्लं न्हाई म्हणून राग आला व्हय? तुमचा खांदा कुठं राबला मास्तरीणबाई? खडू उचलून?"

मनीषा हसली, गजानन हसला, मीही हसले. पण लागलं होतं मला ते. रात्री पाठ करून झोपले, तरी तुम्हाला कळलं नाही. चाळीस चाळीस पोरांचे वर्ग, त्या वह्यांचे गठ्ठे, मनीषाचे बाबा गेल्यावर एकटीने ओढलेलं घर, असं सगळं तोंडाशी आलं होतं. बोलले नाही. म्हटलं, बघू कधीतरी, सुनवू चांगलं. तेवढंच राहिलं बघा.

दुसऱ्या दिवशी मार्था जेवायला आली. पुरणपोळी हाताने तोडून तुपात बुडवून खाल्ली आणि मग त्या गल्लीच्या टोकाशी, जिथे रस्ता गोल होऊन संपतो, तिथे आपला पोळा भरला. नऊ बैल, एक घोडा, एक डायनासोर. बैलांचं लग्न लावायला भटजी नाहीत म्हणून मंगलाष्टकं मी म्हटली, आणि अक्षता पडल्या तशा पोरांनी टाळ्या वाजवल्या. निघताना मार्थाने सदऱ्यावरचा हळदीचा डाग दाखवला. तीनदा धुतला, जात नाही, म्हणाली. तुम्ही म्हणालात, "जाणारच न्हाई. आमच्या वावरातली हाय." आणि लगेच, "तिला सांगा मास्तरीणबाई, फुडल्या पोळ्याला आमच्या जवळ्याला यायचं. खऱ्या बैलांचा पोळा बघायला." मी सांगितलं. ती म्हणाली, येईन.

तिथून आपला वाद सुरू झाला तो मिटलाच नाही. मी म्हणायची, ही माणसं गोड बोलतात, त्यांच्यात तसं म्हणायची रीत आहे, येत कोणी नसतं. तुम्ही म्हणायचात, "आवतण देल्लंय म्या. येईल." हिंगोलीला बाजाराला आलात की माझ्याकडे चहाला यायचात आणि दुसरा घोट घेण्याआधी म्हणायचात, "येईल बघा." मार्था व्हिडिओ कॉलवर तुम्हाला तिचा बर्फ दाखवायची, तुम्ही तिला पाखऱ्याचं तोंड दाखवायचात, दोघी एकमेकींच्या भाषेतलं एक अक्षर न कळता घटकाभर बोलायचात. मी मध्ये अर्थ सांगायला गेले तर म्हणायचात, "तुमी गप बसा, आमचं चांगलं चाललंय."

तुम्ही कशा गेलात ते इथे सांगत बसत नाही, सगळ्या गावाला माहीत आहे. हळदीच्या वावरातून घरी आलात, चहा टाकायला सांगितलंत आणि चहा येईपर्यंत थांबला नाहीत. मी आले तेव्हा कप तसाच होता. मी तो उचलून आत नेला आणि मोरीपाशी उभी राहून तुम्हाला इतकी बोलले, इतकी बोलले की तुमच्या धाकट्या जाऊबाईंना वाटलं माझं डोकं फिरलं. कुणाशी भांडू आता मी? सांगा ना!

गजानन मिळेल त्या विमानाने आला. मनीषा आणि ओवी मार्थासोबत पोळ्याला येणार होत्या, तिघींची तिकिटं उन्हाळ्यातच काढलेली. हो, काढलेली होती तिने! नोकरीतून मोकळी झाल्या झाल्या. तुम्ही पोरीला गप्प राहायला बजावून ती बातमी मला सांगायला हिंगोलीला येणार होतात, समोरासमोर, माझं तोंड बघत. त्याआधीच गेलात. मला ती मनीषाकडून कळली, आणि ती पण अशी: "आई, मार्था विचारतेय, आता येऊ की नको. ज्यांनी बोलावलं त्याच नाहीत. काय सांगू तिला?"

खरंच, आवतण देणारं माणूस गेलं तर आवतण राहतं का? शाळेत इतकी वर्षं प्रश्न विचारले, असा कधी आला नव्हता. तुमच्या घरी विचारायला गेले तर तुमच्या धाकट्या दिरांनी दारातच सांगितलं, "बाई, औंदा सण न्हाई. घरात दुखवटा हाय. कढई ठेवायची न्हाई, पुरण घालायचं न्हाई. बैलाला निसतं पाणी पाजून सोडून द्यायचं." गजानन खाली मान घालून उभा. गोठ्यात हरण्या-पाखऱ्या दाराकडे बघत उभे. मला तेव्हा तुमचा हुंकार ऐकू आला, खोटं नाही सांगत. तोच, बर्फाच्या पिशवीकडे बघून केलेला.

मी म्हटलं, "दाजी, दुखवटा कोणी उतरवायचा असतो?"

"सोयऱ्यानं."

"मग सोयरी मी आहे. पोरीची आई आहे. मी माझ्या घरून पुरण शिजवून आणते, तुमच्या चुलीला हात लावत नाही. सगळ्यांचं तोंड गोड करते. पोळ्याच्या दिवशी."

"पोळ्यालाच?"

"पोळ्यालाच. त्या घरात पाहुणी येतेय. तुमच्या वहिनींनी आवतण दिलंय तिला."

त्यांनी मिशी कुरवाळली. मग म्हणाले, "वैनीनं देल्लं का? मग काय इलाज न्हाई." आणि गजाननला म्हणाले, "गजू, झूल काढ मग." मी बाहेर येऊन मनीषाला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, ये म्हणावं. आवतण कायम आहे.

तर आली की हो! वारंगा फाट्यावर चहा प्यायली, मग समोर एसटी उभी दिसली तशी हातातला कप टाकून तिकडे. ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभी राहून चाक, गिअर, आरसे सगळं न्याहाळून घेतलं. मी ड्रायव्हरला सांगितलं, बाई अमेरिकेत बस चालवायच्या. तो दार उघडून म्हणाला, "या मावशी, बसून तर बघा." ती बसली! चाकावर हात ठेवून अशी बसली की आतले प्रवासी घाबरून उठायला लागले. तुम्ही बघायला हवं होतंत. रात्री माझ्याकडे हिंगोलीला मुक्काम झाला, मी पुरण शिजवायला घेतलं तर ती शेजारी बसून वेलदोडे सोलत होती.

आज आम्ही चौघी, मनीषा, ओवी, मार्था आणि मी, औंढ्यावरून जवळ्याला आलो. नागनाथाला नुसते हात जोडले, थांबायला कोणाला धीर नव्हता. जवळ्याचा बाजार पोळ्याच्या सामानाने फुललाय, गोंडे, बाशिंगं, घुंगरमाळा, रंगाच्या पुड्या. मार्थाने पाखऱ्यासाठी लाल गोंडा निवडला आणि ओवीने तिला समजावलं की हरण्यालाही घ्यावा लागेल, नाहीतर तो रुसतो. हे तिला कोणी सांगितलं ते मला माहीत आहे.

आणि मग मार्था गोठ्यात आली ती सदरा बदलून. तोच पांढरा सदरा. उजव्या खांद्यावर तुमच्या हळदीचा डाग, वर्षभरात जरासुद्धा उतरलेला नाही. धाकटे दाजी त्या डागाकडे बघत राहिले आणि उपरण्याने डोळे पुसायला लागले. गजानन तर बाहेरच निघून गेला.

वाटी माझ्या हातात होती. तुमच्या जागी उभं राहून हरण्याच्या खांद्याला मीच हात लावला, कारण सगळे माझ्याकडेच बघत होते. शब्द सगळे पाठ, तरी मी नुसतीच चोळत राहिले. तेवढ्यात मार्थाने माझ्या हातातली वाटी घेतली. मला वाटलं, आता पाखऱ्याकडे जाईल. ती माझ्याकडे वळली. माझा पदर खांद्यावरून सारला, बोटं तुपात बुडवली आणि माझा उजवा खांदा चोळायला लागली. तुमच्यासारखाच, अंगठा खोल दाबून. मला म्हणाली, तू माझ्या गल्लीत किती बोललीस, कितीजणांचं बोलणं इकडून तिकडे वाहिलंस, आणि आता या घरासाठी किती धावलीस, तुझा खांदा दुखत असेल. आणि मग वाकली, माझ्या कानाशी आली, आणि ओवीने विमानात घोकून घेतलेलं म्हणाली, अडखळत, "आज आवतन घ्या. उद्या जेवायला या."

विहीणबाई, खडू उचलणाऱ्या खांद्याला मिळालं आवतण! आता बोला! मी तिथेच, गोठ्यात, शेणात, हरण्याच्या मानेत तोंड खुपसून रडले. तेराव्यालाही रडले नव्हते अशी रडले. ओवी म्हणाली, आज्जी, बैलाची हळद तुझ्या तोंडाला लागली.

मग सगळं रीतसर झालं. हरण्याला दिलं, पाखऱ्याला दिलं. आता दिवेलागण झालीय, मी तुमच्या ओट्यावर बसून हे लिहितेय, आत मार्था आणि ओवी माती मळतायत. उद्या पुरण माझं, पोळ्या माझ्या, तूप तुमचं. पाहुणी येईल का नाही यावर आपण वर्षभर भांडलो आणि तुम्ही खऱ्या ठरलात. आवतण दिलं की माणूस येतं, असंच म्हणायचात ना? मघाशी वाटीत बोटभर हळद उरली होती. मी ती तुमच्या खाटेच्या उशाला, खांदा टेकायचात तिथे, लावून आलेय, आणि म्हणायचं ते म्हणूनही आलेय. उद्या जेवायला या.